टेकू

चढण चढताना लागतो तो दम, आणि पहाटे तीनला झोपेतून उठवून बसवतो तोही दम. अहिराणीत दोन्हींना ‘दम लागस’ एवढंच म्हणतात. पहिला थांबलं की उतरतो. दुसऱ्याला आपण दमा म्हणतो, आणि त्याच्याबद्दल गावोगावी एक वाक्य ठरलेलं असतं: दमा जातो तो दमाबरोबरच. म्हणजे माणूस गेल्यावर. बोलणाऱ्याच्या आवाजात हताशपणा असतो. मला त्या वाक्यातली माहिती बरीचशी खरी वाटते, हताशपणा मात्र चुकीचा वाटतो. न जाणारं दुखणं आणि न सांभाळता येणारं दुखणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते आपल्या जुन्या वैद्यकानं एका शब्दात पकडलं होतं.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला 17वा अध्याय उचकी आणि श्वास या विकारांचा आहे. तिथे श्वासाचे 5 प्रकार येतात: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. पहिले तीन मरणाच्या दारातले. क्षुद्र म्हणजे श्रमानं लागणारा, विसावलं की जाणारा. उरला तमक, तोच आपला दमा. त्याच्याविषयी चरक म्हणतो, नुकताच सुरू झालेला असेल तर साध्य होऊ शकतो, एरवी याप्य. याप्य म्हणजे असाध्य नव्हे. उपचार चालू आहे तोवर माणूस बरा राहतो, उपचार काढला की दुखणं परत उभं राहतं, असा रोग. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात याप्य रोगाला एक उपमा दिली आहे: पडायला आलेलं घर नीट लावलेल्या टेकूवर उभं राहतं, तसा याप्य रोगी योग्य उपचारावर उभा राहतो.

खान्देशातल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. धाब्याचं घर ज्यानं पाहिलंय त्याला माहीत असतं, की छत लाकडांवर आणि वरच्या मातीवर तगून असतं. मृगाच्या आधी धाब्यावर चढून नवी खारी माती टाकायची, पसरायची, चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. गेल्या वर्षी गळलं नाही म्हणून यंदा माती टाकायची नाही, असं कुणी म्हणत नाही. आणि गळायला लागल्यावर भर पावसात वर चढलेला माणूस नुसता चिखल तुडवतो. दम्याच्या औषधाबाबत मात्र आपण नेमकं तेच करतो. पंधरा दिवस रात्री शांत गेल्या की औषध बंद, आणि उबळ आली की धावपळ. दम्याच्या सल्ल्यांचा दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास चाळताना मला सारखं हेच दिसत राहतं: कोणता सल्ला टेकू होता, आणि कोणता फक्त पडणाऱ्या भिंतीला लावलेला हात.

तमकाचं चरकातलं वर्णन आजच्या डॉक्टरानं शेजारी बसून लिहावं असं आहे. छातीत घुरघुर, खोकून खोकून येणारी ग्लानी, कफ सुटेपर्यंत जीव कासावीस आणि सुटला की घटकाभर आराम. आडवं झालं की धाप वाढते, ‘आसीनो लभते सौख्यम्’, बसलं की बरं वाटतं. उष्ण हवंसं वाटतं. आणि वाढतो कशानं, तर ‘मेघाम्बुशीतप्राग्वातैः’: ढग, पाणी, थंडी, पूर्वेचा वारा. ढगांचा उल्लेख कुणाला कल्पनाविलास वाटेल. पण 21 नोव्हेंबर 2016 रोजी मेलबर्न शहरात वादळ आलं आणि त्या एका संध्याकाळपासून हजारो लोक धापा टाकत दवाखान्यांत आले. 10 जण दगावले. वादळातल्या ओलाव्यानं गवताचे परागकण फुटतात, एरवी नाकात अडकणारे कण बारीक होऊन थेट श्वासनलिकेत खोल जातात, असं त्याचं कारण मानलं जातं. आभाळ भरून आलं की छाती भरते, असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वेड्यात काढू नये.

कारणांची यादीही तशीच नेमकी. ‘रजसा धूमवाताभ्यां’, म्हणजे धूळ, धूर, वारा. मग थंड जागा, थंड पाणी, अति श्रम, वेळी-अवेळी जेवण. पदार्थांत उडीद, दही, कच्चं दूध, जड आणि पोट फुगवणारं अन्न. ही यादी वाचताना खान्देशातल्या माणसाला हिवाळ्यातली भरीतपार्टी आठवल्याशिवाय राहत नाही. शेतातली थंडी, दव पडायला लागलेलं, पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजली जाणारी वांगी, धुराकडे तोंड करून बसलेली मंडळी, सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, आणि जेवण रात्री दहानंतर. चरकाच्या यादीतलं जवळपास सगळं एकाच पंगतीत वाढलेलं. दमेकऱ्यानं भरीत खाऊ नये असं मी म्हणणार नाही. बामणोदच्या वांग्याचं भरीत वर्ज्य करून जगण्याइतका हा रोग कठोर नाही. पण त्यानं वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावं, वांगी भाजण्याचं काम दुसऱ्याला द्यावं, कान-नाक झाकावं आणि सातच्या आत जेवावं. वांगी खरपूस भाजल्याचा जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो, तो धूरच असतो.

उशिरा आणि जड जेवण दम्याला वाईट, हे तिकडे विलायतेतही कळलं होतं. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात काम करणारे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर स्वतः लहानपणापासूनचे दमेकरी. दम्यावरचा त्यांचा ग्रंथ 1860 साली निघाला, आणि त्यात जेवणाच्या वेळेला त्यांनी बरंच महत्त्व दिलं. आज त्याचं एक कारण सांगता येतं: भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आम्ल वर घशाकडे येतं, आणि त्यानं श्वासनलिका आक्रसतात. म्हणून जेवण आणि झोप यांत निदान 3 तास असावेत. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलावी. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, कारण उशांवर मान मोडते, पोट दुमडतं आणि आम्ल उलट जास्त वर येतं. उतार कमरेपासून हवा.

बसण्याचीही रीत आहे. खुर्चीत किंवा खाटेच्या कडेला बसून पाय जमिनीवर, कोपरं मांड्यांवर किंवा समोरच्या लोडावर, अंग थोडं पुढे झुकलेलं, खांदे सैल. असं बसलं की खांद्याचे आणि मानेचे स्नायू छाती उचलायला मदत करतात. श्वास सोडताना ओठ चंबूसारखे करून हळू सोडावा, घेण्याला लागेल त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्यावा. दम्यात हवा आत येण्यापेक्षा बाहेर जायला जास्त अडते. माणसाला वाटतं हवा मिळत नाही, म्हणून तो घाईघाईनं ओढत राहतो आणि आधीची हवा आतच कोंडते. भोवती गर्दी करून ‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे’ म्हणणारे नातेवाईक नकळत उलटा सल्ला देत असतात.

आता शेक. चरकाचा क्रम असा: आधी छातीला मीठ घातलेलं तेल लावायचं, मग शेकायचं, मग स्निग्ध आहार, मग कफ बाहेर काढायचा. घरोघरी यातले पहिले दोन टप्पे उरले. तिळाचं तेल वाटीभर कोमट करून त्यात चमचाभर सैंधव घालून चांगलं ढवळायचं (मीठ तेलात विरघळत नाही), खाली बसलेलं मीठ वगळून वरचं तेल छातीला, पाठीला आणि बरगड्यांच्या कडांना हलक्या हातानं लावायचं. मग तव्यावर ओवा किंवा बारीक वाळू गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. तिथे सोसवली तरच रोग्याच्या छातीला. दहा-पंधरा मिनिटं पुरे. शेकून झाल्यावर अंग पुसून कोरडं करायचं आणि पंखा-वारा लागू द्यायचा नाही. चुकतं ते इथेच: घाम आलेला माणूस उठून ओट्यावर जाऊन बसतो. पित्त-दाह असलेल्याला, रक्तस्राव होणाऱ्याला, फार घाम येणाऱ्याला, अशक्त माणसाला आणि गर्भिणीला शेक देऊ नये, हेही चरकानं त्याच अध्यायात बजावलंय. शेकानं आखडलेले स्नायू सैलावतात, जीव शांत होतो. श्वासनलिकांच्या आतली सूज त्यानं उतरत नाही. म्हणजे तो सोबतीचा उपाय झाला, टेकू नव्हे. तान्ह्या मुलांच्या छातीवर कापूर चोळण्याची चाल मात्र बंद व्हायला हवी. लहान मुलांत कापूर अंगात भिनून झटके येतात. आणि छातीवर बिब्ब्याचा चटका देणं ही तर नुसती इजा आहे, त्यात औषध काहीच नाही.

अडुळशाबद्दल मला आदर आहे, आणि त्याचं कारण भावनिक नाही. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केलं. 1963 सालापासून ते बाजारात आहे. आज दुकानात मिळणाऱ्या कफ पातळ करणाऱ्या कित्येक औषधांचं मूळ आपल्या कुंपणात उभं आहे. अडुळशाचं पान असं चटकन रस देत नाही, ही त्याची अडचण. शार्ङ्गधर या जुन्या वैद्यानं त्यावर पुटपाक सांगितला: पानांचा गोळा वाटून तो वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळायचा, दोऱ्यानं बांधायचा, वरून दोन बोटं मातीचा लेप द्यायचा आणि माती लाल होईपर्यंत निखाऱ्यात भाजायचा; मग फोडून पिळायचा. घरात याचंच सोपं रूप चालतं, पानं तव्यावर लुसलुशीत होईपर्यंत शेकून पिळणं. काढ्याचं जुनं माप 1 भाग औषध, 16 भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा. म्हणजे 10 ग्रॅम वाळलेल्या पानांना 160 मिलिलिटर पाणी, उरवायचं 20. भांडं उघडं ठेवायचं, आच मंद. घाईनं मोठ्या जाळावर आटवला की करपट वास येतो आणि पाणी उडालं तरी अर्क पुरता उतरलेला नसतो. काढा त्याच दिवशी संपवायचा. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. ही गोष्ट काढ्याच्या कौतुकात नेहमी राहून जाते.

सितोपलादी चूर्णाचं प्रमाण तर पाढ्यासारखं लक्षात राहतं: खडीसाखर 16, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1. खोकल्याच्या उबळीत घसा मऊ करायला मधातून चांगलं. पण बेरीज करून पाहा: 31 भागांत 16 साखर, म्हणजे निम्म्याहून जास्त. मधुमेही माणूस दिवसातून तीनदा हे मधातून घेतो तेव्हा काय घेतो, हे त्यानं समजून घ्यावं. वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नाही, हेही इथंच सांगायला हवं. ज्येष्ठमधाचं तसंच. घशाला गुणकारी, पण महिनोन् महिने रोज घेतला तर रक्तदाब चढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. दम्याच्या फवाऱ्यातलं सालब्युटामॉलही पोटॅशियम उतरवतं. दोन्ही एकत्र आले की हृदयाची धडधड वाढते आणि दोष फवाऱ्यावर जातो.

आणि मग धूर. या इतिहासातलं सगळ्यात चकित करणारं प्रकरण हेच. कारणांच्या यादीत ज्यानं धूर लिहिला, तोच चरक उपचारातही धूर सांगतो: वमनानंतर, म्हणजे ओकारी करवल्यावर, चिकटून राहिलेला कफ धूमपानानं काढावा. हळद, एरंडमूळ, लाख, देवदार, जटामांसी यांच्याबरोबर धूर ओढायच्या त्या वातीत मनःशीळ आणि हरताळही आहे. ही दोन्ही आर्सेनिकची खनिजं. युरोपातही 1786 साली थॉमस फाउलर यांनी प्रचारात आणलेला आर्सेनिकचा द्राव पुढे दम्यासाठी दिला जाई. आज दोन्हींपैकी काहीही घरी करू नये.

धोत्र्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात खरोखर औषध होतं. वाळलेली पानं चिलमीतून ओढली की आवळलेल्या श्वासनलिका सैल होतात, हे आपल्याकडे जुनं ज्ञान. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ते मद्रासेहून ब्रिटनमध्ये गेलं, आणि पुढे दीडशे वर्षं तिकडच्या औषधांच्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी आणि जाळायच्या पुडी विकल्या जात. सॉल्टर यांच्या ग्रंथात आणखी एक धूर आहे: टीपकागद सोऱ्याच्या गडद द्रावणात बुडवून वाळवायचा आणि झोपायच्या खोलीत जाळायचा. धोत्र्यातलं ॲट्रोपीन श्वासनलिकेला सैल करतं, हे खरं. पण एका पानात ते किती, हे पान बघून कळत नाही. झाडाचं वय, ऋतू, जमीन, पानाची जागा यांनी ते बदलतं. मात्रा जरा चढली की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या रुंदावतात, लघवी तुंबते, माणूस भ्रमात बरळतो, आणि त्याहून चढली की जिवावर बेतते. शिवाय धूर तो धूरच. एका हातानं नळी उघडायची आणि दुसऱ्यानं ती सुजवायची. रसायनशास्त्रानं यातून जी वाट काढली ती मला फार सुंदर वाटते. ॲट्रोपीनच्या रेणूत थोडा बदल करून इप्राट्रोपियम बनवलं. ते श्वासानं घेतलं तर छातीतच काम करतं, रक्तात फारसं उतरत नाही आणि मेंदूत जवळपास पोचत नाही. नेब्युलायझरच्या वाफेत दवाखान्यात जे दोन-तीन थेंबांचे प्रकार मिसळतात, त्यांत बहुधा हे असतं. उकिरड्याकडेच्या धोत्र्याचं ते शहाणं नातवंड आहे. ते उपलब्ध असताना चिलीम भरण्याला काही कारण उरत नाही.

कॉफीचा सल्लाही सॉल्टर यांचाच प्रसिद्ध आहे. कडक, गरम, बिनदुधाची, बिनसाखरेची, आणि रिकाम्या पोटी. त्यातलं कॅफीन हे थिओफिलिन या दम्याच्या औषधाचं सख्खं भावंड. श्वासनलिका थोड्या उघडतात आणि परिणाम 4 तासांपर्यंत टिकू शकतो. आडगावात रात्री फवारा संपलेला असताना वाहन येईपर्यंत दोन कप कोरा कडक चहा किंवा कॉफी द्यायला हरकत नाही. पण ‘वाहन येईपर्यंत’ हे शब्द विसरायचे नाहीत.

20व्या शतकाच्या मध्यावर गोळ्या आल्या. 1885 साली जपानच्या नागाई यांनी वेगळं काढलेलं इफेड्रिन 1924 नंतर जगभर पसरलं. मग इफेड्रिन, थिओफिलिन आणि फिनोबार्बिटोन यांची मिळून एक गोळी, जिच्यावर एक अख्खी पिढी जगली. झोप उडायची, हात कापायचे, म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडायची. थिओफिलिन अजून वापरात आहे आणि त्याचा एक गुण माहीत असायला हवा: गुणाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. विडी ओढणाऱ्याच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडतं. विडी सोडली, फार चांगलं केलं, पण गोळी तेवढीच राहिली तर काही दिवसांत रक्तातलं प्रमाण चढतं. मळमळ, धडधड, क्वचित झटके. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक सोबत आलं तरी तेच होतं. दुसऱ्या दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना दम्याच्या गोळीची पट्टी खिशात घेऊन जावं, हा साधा सल्ला इथून आलाय.

आता ज्याबद्दल मला तिडीक आहे ती गोष्ट. ‘जडीबुटीची’ बिननावाची पुडी. दमा मुळापासून घालवणारी. अशा पुड्यांत स्टेरॉइडची पूड मिसळलेली अनेकदा सापडली आहे. ओळखायची खूण सोपी: खरं वनस्पतीचं औषध दोन दिवसांत चमत्कार करत नाही. पुडीनं दोन-तीन दिवसांत दम पार पळाला, भूक वाढली, अंगात हुशारी आली, आणि दोन-चार महिन्यांत चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातापायाची कातडी पातळ होऊन काळेनिळे डाग पडू लागले, साखर निघाली, तर शंका घ्यायलाच हवी. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शंका आली म्हणून पुडी एकदम फेकून द्यायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यानं शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं. एकाएकी तोडलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि मात्रा हळूहळू उतरवायची.

गंमत नव्हे, दुःख आहे की हीच माणसं डॉक्टरांनी दिलेल्या इनहेलरला घाबरतात. ‘पंप लावला की सुटत नाही.’ हिशेब करून पाहू. दमा उसळल्यावर मोठ्या माणसाला रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड गोळीतून देतात, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम, आणि ते सगळ्या अंगात फिरतं. नेहमीच्या फवाऱ्यातलं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड बहुधा 200 मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि तेही थेट जिथे सूज आहे तिथे. हाच तो टेकू. सॉल्टर यांच्या काळी दमा म्हणजे नळ्यांचं आकुंचन एवढंच समजलं जाई, म्हणून सगळे उपाय आकुंचन सोडवण्याचे. आत कायमची सूज असते आणि दम लागत नसतानाही ती असते, हे नंतर उमगलं. आकुंचन सोडवणाऱ्या फवाऱ्यानं पाच मिनिटांत बरं वाटतं, म्हणून तो आवडतो. सूज उतरवणारा आठवडे घेतो, म्हणून तो सुटतो. 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये आकुंचन सोडवणाऱ्या आयसोप्रिनालिनच्या जोरदार फवाऱ्यांच्या काळात दम्यानं मरणाऱ्यांचा आकडा वाढला होता. 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनानं प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना नुसता आराम देणारा फवारा एकटा देऊ नये, असंच सांगितलंय.

दाबून फवारायचा इनहेलर 1956 साली आला. औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीनं विचारलं होतं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? प्रश्न साधा, पण वापरणं तेवढं साधं नाही. डबी हलवायची. श्वास पूर्ण सोडायचा. इनहेलरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास घेऊ लागायचं आणि त्याच क्षणी दाबायचं. घेत राहायचं, मग 10 आकडे मनात मोजेपर्यंत रोखायचं. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटानं. बहुतेकांचं दाबणं आणि ओढणं जुळत नाही, औषध जिभेवर आणि घशात बसतं. म्हणून मधे स्पेसर हवा, म्हणजे इनहेलर आणि तोंड यांच्यामधलं पोकळ नळकांडं. नसेल तर 500 मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 साली मुलांमध्ये ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी असल्याचं दाखवलं. बुडाला इनहेलरच्या तोंडाच्या मापाचं भोक तापलेल्या तारेनं पाडायचं, इनहेलर घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटवायची. बाटली साबणाच्या पाण्यानं धुऊन न पुसता वाळवायची. फडक्यानं पुसली की विजेचा भार बसतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्राची रीत उलटी: तिथे जोरात आणि खोल ओढायचं, त्यात फुंकायचं नाही, कारण तोंडातल्या वाफेनं पूड गोळा होते. ती कॅप्सूल गिळणारेही असतात. दुकानदारानं दाखवलं नाही तर त्यांनी करावं काय? सूज उतरवणारं औषध घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो आणि आवाज बसतो.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात एक खबरदारी जास्तीची. दाबाची डबी मोटारसायकलच्या डिकीत किंवा बंद गाडीत ठेवायची नाही. बाहेर 45 अंश असताना आतलं तापमान कुठे जातं, ते गाडीच्या स्टिअरिंगला हात लावणाऱ्याला ठाऊक असतं. घरात माठाशेजारची कोरडी, अंधारी जागा बरी.

घराकडेही पाहायला हवं. भाव येईपर्यंत कापूस घरातच रचून ठेवायचा आणि त्याच खोलीत अंथरुणं टाकायची, हे दमेकऱ्याच्या घरात चालणार नाही. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं छाती आवळते, विशेषतः सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, हे कामगारांच्या वैद्यकात जुनं निरीक्षण आहे. घरातली रास गिरणीइतकी नसली तरी तिच्यात धूळ असते, किडे असतात. मळणी, उफणणी, गाजरगवत उपटणं ही कामं दमेकऱ्यानं टाळावी, नाहीच टळली तर नाकातोंडाला ओला सुती रुमाल दुहेरी बांधून, वाऱ्याला पाठ देऊन करावी. चुलीपाशी बसणाऱ्या बाईचा खोकला हा विडीविना झालेला विडीचा रोग असू शकतो. तिला दमा म्हणून फवारा द्यायच्या आधी फुंकून करायची श्वासाची तपासणी व्हावी. फवाऱ्यानंतर पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचा आकडा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरनं सुधारला तर दम्याकडे झुकतं माप. दोन आठवड्यांच्या वर टिकलेल्या खोकल्यात थुंकी तपासून क्षय नाही ना, हेही पाहावं. गोधड्यांतले डोळ्यांना न दिसणारे किडे कोरड्या हवेत मरतात आणि ओलाव्यात फोफावतात. आपला मे महिना या कामी आपल्या बाजूचा आहे.

पहाटे तीन-चारला शरीरातली नैसर्गिक संरक्षक द्रव्यं ओसरलेली असतात आणि तेव्हाच धुळे-नंदुरबारकडे थंडीत पारा एक आकडी होतो. म्हणून हल्ला त्या वेळी येतो. तेव्हा काय करायचं ते दिवसा ठरलेलं असावं. बसवायचं, आराम देणाऱ्या सालब्युटामॉलचे 4 ते 10 फवारे स्पेसरमधून एकेक करून, दर 20 मिनिटांनी, पहिला तासभर. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील, माणूस गुंगत असेल, किंवा घुरघुर थांबली पण धाप तशीच असेल, तर तास मोजत बसायचं नाही. शांत झालेली छाती ही सगळ्यात वाईट खूण. हवा आत-बाहेर जातच नाही म्हणून आवाज थांबलेला असतो. फवारे देत देत निघायचं.

मेचा शेवटचा आठवडा. धाब्यावर माती पडत असते, पापड-कुरडया डब्यांत गेलेल्या असतात. गोधड्या दोन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी. स्पेसर धुऊन वाळत. श्वासाचा वेग मोजायची पीक फ्लोची नळी घरात असेल तर सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा वहीत; बरं असतानाचा सर्वांत मोठा आकडा पानाच्या डोक्यावर, त्याच्या 80 टक्क्यांवर एक रेघ आणि 50 टक्क्यांवर दुसरी. पहिलीखाली आलं की डॉक्टरांना विचारायचं, दुसरीखाली आलं की निघायचं. आणि डबीचा हिशेब: 120 फवाऱ्यांची डबी, सकाळी 2, संध्याकाळी 2, म्हणजे 30 दिवस. पाण्यात टाकून तरंगते का पाहू नये, त्यानं काही कळत नाही. सुरू केल्याची तारीख पेनानं डबीवर लिहावी, संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर, आणि त्याच्या आठ दिवस आधीच्या चौकटीत एक फुली.